बँकॉकमधलं स्वस्त सर्व्हिस्ड अपार्टमेंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकला आठवडाभर किंवा जास्त राहायचं आहे, सोबत आईवडील किंवा मुलं आहेत, रोज तिन्ही त्रिकाळ बाहेर खाणं झेपणार नाही, अशांना हॉटेलपेक्षा सर्व्हिस्ड अपार्टमेंट बरं पडतं. नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा की बँकॉकमध्ये स्वस्त खोली मिळणं मुळीच अवघड नाही. ती स्वस्त का आहे, पाणी कुठे मुरतंय, हे पैसे भरण्याआधी शोधायचं असतं. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं: इमारत जुनी आहे, फर्निचर वीस वर्षांपूर्वीचं आहे, स्टेशन लांब आहे. यातलं तुम्हाला काय चालेल आणि काय नाही, एवढाच खरा प्रश्न.

सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये नेमकं काय मिळतं?

एक मोठी खोली किंवा वन बेडरूम, ओट्याचा एक तुकडा, फ्रिज, मायक्रोवेव्ह, पाण्याची किटली, दोन-चार भांडी, बाल्कनी, खाली रिसेप्शन आणि गार्ड. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा झाडलोट होते, चादरी-टॉवेल बदलून मिळतात. रोज कोणी येऊन पलंग नीट करून देईल ही अपेक्षा ठेवू नका. कमी भाड्याच्या इमारतींत नाश्ता नसतो, रूम सर्व्हिस नसते आणि काही ठिकाणी रात्री रिसेप्शनवर फक्त गार्ड असतो. पोहण्याचा तलाव मात्र स्वस्तातल्या इमारतींतही पुष्कळदा असतो. जिमचे फोटो पाहून हुरळू नका.

मग एखाद्याचा रिकामा कॉन्डो, म्हणजे राहत्या इमारतीतला खासगी मालकीचा फ्लॅट, घेतला तर? ॲपवर तो आणखी स्वस्त दिसतो.

दिसतो, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार महिन्यापेक्षा कमी मुदतीने खोली भाड्याने द्यायची तर हॉटेलचा परवाना लागतो. अगदी छोट्या निवासांना सूट आहे, पण राहत्या कॉन्डो इमारतीतल्या एकट्या फ्लॅटकडे असा परवाना सहसा नसतो. म्हणून पुष्कळ इमारतींच्या लॉबीत ‘दैनिक भाडं चालणार नाही’ अशी मोठी पाटी लावलेली असते. तिच्याच शेजारून बॅगा ओढत आत जायचं आणि गार्डने विचारलं तर ‘मालकाचे मित्र आहोत’ म्हणा, असा मालकाचा निरोप फोनवर आलेला असतो! किल्ली कधी टपालपेटीत, कधी समोरच्या दुकानात. गार्डने अडवलं तर रात्री अकराला दुसरी खोली शोधायची पाळी तुमच्यावर येते, मालकावर नाही. पूर्ण महिना किंवा जास्त राहायचं असेल आणि करार लेखी असेल तर कॉन्डो घ्यायला हरकत नाही. दोन आठवड्यांसाठी नको.

भाडं साधारण किती पडतं?

साधी, स्वच्छ, एसी असलेली स्टुडिओ खोली रोजच्या हिशोबाने ८०० ते १,५०० बाटपर्यंत मिळते. त्याच इमारतीत महिन्याचं भाडं विचारा, आकडा एकदम खाली येतो. १२,००० ते २०,००० बाटमध्ये मध्यमवर्गीय घराला चालेल अशा बऱ्याच जागा आहेत. एक बाट म्हणजे पावणेतीन रुपयांच्या आसपास धरा, रोजचा दर खालीवर होतो. तीन आठवड्यांचा मुक्काम असेल तर महिन्याचा दर घेऊन आठवडाभर आधी निघणं कधी कधी स्वस्त पडतं. हा हिशोब ॲप करून देत नाही, इमारतीला थेट ईमेल करून विचारावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत दर चढलेले असतात.

वीजबिल वेगळं असतं का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. खरं तर तो पहिला असायला हवा.

रोजच्या भाड्यात वीज-पाणी धरलेलं असतं. महिन्याच्या भाड्यात बहुतेक वेळा नसतं. बँकॉकची सरकारी वीज साधारण चार-साडेचार बाट युनिटने पडते, पण अनेक इमारती भाडेकरूकडून सात-आठ बाट लावतात. आता हिशोब करा. एक टनाचा जुना एसी तासाला जवळपास एक युनिट खातो. फक्त रात्री आठ तास लावला तर महिन्याला २४० युनिट, म्हणजे सात बाटच्या दराने १,६८० बाट. एप्रिलच्या उकाड्यात आजी-आजोबा खोलीत बसून आहेत आणि एसी सोळा तास चालू आहे, तर ३,३०० च्या वर. दोन हजार बाटने स्वस्त म्हणून घेतलेली खोली इथे बरोबरीला येते.

तेव्हा भाडं विचारताना युनिटचा दर, पाण्याचा आकार आणि इंटरनेट या तिन्हींचं उत्तर लेखी घ्या. ताबा घेतल्या दिवशी मीटरचा फोटो काढा. मीटर कुठे आहे हे रिसेप्शनवरची बाई दाखवते. बहुतेकदा तो मजल्यावरच्या कपाटात असतो आणि त्यावर खोलीचा नंबर लिहिलेला असतो. नंबर तुमचाच आहे ना, हेही पाहून घ्या.

कुठल्या भागात राहावं?

‘मध्यवर्ती’ या शब्दाला बँकॉकमध्ये फारसा अर्थ नाही. शहराला एकच मध्य नाही. तुमचं काम कुठे आहे आणि कुठली रेल्वे तिथे जाते, ते पाहा.

पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांना प्रतुनाम सुचवलं जातं. कपड्यांची घाऊक बाजारपेठ, प्लॅटिनम मॉल, बैयोक टॉवर, दर पन्नास पावलांवर भारतीय हॉटेल. खरेदीसाठीच चालला असाल तर तिथेच राहा. पण गर्दी इतकी की संध्याकाळी टॅक्सीत बसण्यापेक्षा चालणं जलद. विमानतळ रेल्वेचं राचप्रारोप स्टेशन जवळ आहे आणि सेन सेप कालव्यातली प्रवासी बोट तिथूनच जाते. बोट कामाची आहे, पैसे नाममात्र लागतात, ट्रॅफिकचा प्रश्न नाही. मात्र चढता-उतरताना ती जेमतेम थांबते आणि कालव्याचं पाणी अंगावर उडतं. गुडघे दुखणाऱ्यांनी नाद करू नये.

आठवड्यापेक्षा जास्त मुक्काम असेल तर माझं मत ऑन नुतला. सुखुमवित मार्गावरची ही वस्ती स्कायट्रेनवर, म्हणजे उंच खांबांवरून जाणाऱ्या शहरी रेल्वेवर आहे, स्टेशनला लागून मोठं सुपरमार्केट आहे, रस्त्यावर खाणं स्वस्त आहे आणि त्याच मार्गावरच्या गजबजलेल्या असोकपर्यंत गाडी पंधरा मिनिटांच्या आत पोचवते. असोक-नाना भागातल्यापेक्षा भाडं बरंच कमी. आणखी पुढे उदोम सुक, बांग चाक या स्टेशनांजवळ त्याहून स्वस्त.

भुयारी रेल्वेच्या निळ्या मार्गावर हुआय ख्वांग आणि सुत्थिसान हे भागही चांगले. हुआय ख्वांगच्या चौकात गणपतीचं देवस्थान आहे. थाई लोक त्याला फ्रा फिकानेत म्हणतात आणि झेंडूचे हार, फळं, दूध घेऊन रात्री उशिरापर्यंत येत असतात. आपल्याकडच्या माणसाला हात जोडून दोन मिनिटं उभं राहायला तिथे मुळीच अवघडल्यासारखं होत नाही. त्या भागात चिनी दुकानं आणि खानावळी खूप आहेत.

दवाखान्याच्या कामासाठी येणाऱ्यांनी आधी दवाखाना आणि मग खोली ठरवावी. उदाहरणार्थ, बुमरुंग्राद सुखुमवितच्या सोई ३ मध्ये, म्हणजे तीन नंबरच्या गल्लीत आहे. तिथे रोज जायचं असेल तर नाना किंवा प्लोएन चितच्या आसपास जास्त भाडं भरलेलं बरं. रुग्णाला घेऊन दोन गाड्या बदलायच्या म्हणजे वाचलेले पैसे अंगावर येतात.

खाओ सान रस्ता तरुणांना आवडतो. स्वस्त आहे, पण रात्री दोनपर्यंत गाणी वाजतात आणि रेल्वे स्टेशन पायी लांब पडतं. मुलाबाळांसह नको.

जाहिरातीत ‘स्टेशनपासून ५०० मीटर’ लिहिलंय. विश्वास ठेवावा का?

नकाशावर पायी जायचा रस्ता काढून बघा. बँकॉकच्या गल्ल्या, म्हणजे सोई, मुख्य रस्त्यापासून आत जातात आणि पुष्कळ तिथेच संपतात. शेजारच्या सोईत जायला आतून वाट नसते, मुख्य रस्त्यावर परत यावं लागतं. सरळ रेषेतले ५०० मीटर पायाखाली सव्वा किलोमीटर होतात. दुपारी दीड वाजता, हातात भाजीच्या पिशव्या, फुटपाथवर मध्येच विजेचा खांब आणि त्याला टेकवलेली खाण्याची गाडी... तो सव्वा किलोमीटर आठवड्यात नकोसा होतो.

लांबच्या इमारतींकडे यावर दोन तोडगे असतात. एक म्हणजे इमारतीची फुकट टुकटुक (तीनचाकी रिक्षा), जी स्टेशनपर्यंत सोडते. तिच्या वेळा विचारून घ्या, काही ठिकाणी ती संध्याकाळी सहानंतर बंद. दुसरा, सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घालून बसलेले मोटारसायकलवाले. दर फलकावर लिहिलेले असतात, दहा-वीस बाटमध्ये आत सोडतात. एकट्यादुकट्याला उत्तम. साडी नेसलेल्या सासूबाईंना त्यावर बसवायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पत्ता वाचूनच गोंधळ होतो. ‘सुखुमवित ७७’ म्हणजे काय?

सुखुमवित हा लांबलचक रस्ता आहे. त्याच्या एका अंगाला विषम क्रमांकाच्या सोई, दुसऱ्या अंगाला सम. पण समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. थोंग लो स्टेशनला ५५ च्या समोर ३८ येते, ऑन नुतला ७७ च्या समोर ५०. तेव्हा ‘७६ म्हणजे ७७ च्या समोरच असणार’ असं धरून टॅक्सी करू नका, कित्येक स्टेशनं पुढे जाऊन पोचाल. इमारतीचं नाव आणि पत्ता थाई लिपीत रिसेप्शनकडून मागवून फोनमध्ये ठेवा. रोमन अक्षरांतला पत्ता पुष्कळ टॅक्सीवाल्यांना वाचता येत नाही.

विमान पहाटे उतरतं आणि चेक-इन दुपारी दोनला. मधल्या वेळात काय करायचं?

मुंबईहून रात्री निघालेलं विमान सव्वाचार-साडेचार तासांत पोचतं, आणि बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे झोप झालेली नसते आणि तिथे सकाळचे सहा-सात वाजलेले असतात. बॅगा रिसेप्शनवर ठेवून घेतात, त्याचे पैसे घेत नाहीत. आदल्या दिवशी खोली रिकामी असेल तर लवकरही देतात, पण शब्द देत नाहीत. तरुण मंडळींनी बॅगा टाकून सरळ फिरायला जावं. लहान मूल किंवा सत्तरीतली माणसं सोबत असतील तर आदल्या रात्रीचंही भाडं भरा आणि ‘पहाटे येणार आहोत’ हे लेखी कळवा. नाहीतर आलेच नाहीत म्हणून बुकिंग रद्द होतं. हजारभर बाट जातात, पण पहिला दिवस हातात राहतो.

विमानतळावरून खोलीपर्यंत कसं जायचं?

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. सुवर्णभूमीवर उतरलात तर तळघरातून विमानतळ रेल्वे मिळते. फाया थायपर्यंत साधारण अर्धा तास, तिकीट जास्तीत जास्त ४५ बाट. फाया थायला स्कायट्रेन आणि मक्कासानला भुयारी रेल्वे बदलता येते. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच घ्या. मशिनमधून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या क्रमांकाच्या रांगेतली गाडी तुमची. मीटरवर विमानतळाचे ५० बाट जास्त आणि महामार्गाचा टोल वेगळा, हे रीतसर आहे, त्यावरून वाद घालू नका. ‘मीटर नको, ७०० द्या’ म्हणाला तर मात्र उतरा. डॉन म्युआंगहून गडद लाल मार्गाची रेल्वे बांग स्यूच्या मुख्य स्थानकात आणते, तिथे निळा मार्ग मिळतो.

व्हिसाचं काय? आणि राहण्याच्या पत्त्याचा त्याच्याशी काय संबंध?

भारतीय पासपोर्टवर १५ जुलै २०२४ पासून पर्यटनासाठी ६० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची सवलत जाहीर झाली. ही मुदत बदलण्याची चर्चा अधूनमधून होते, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाची ताजी सूचना वाचा. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. त्यात राहण्याचा पत्ता लागतो.

आणखी एक गोष्ट. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी पाहुणा राहायला आला की जागा देणाऱ्याने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. या नोंदीला तिथे सगळे टीएम-३० म्हणतात. चांगल्या अपार्टमेंटमध्ये पासपोर्ट दाखवला की ते आपोआप होतं. चोरून भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा मालक ते टाळतो. एरवी तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही, पण मुक्काम वाढवून घ्यायला इमिग्रेशनच्या कचेरीत गेलात, १,९०० बाट फी भरायला उभे राहिलात, की तिथे ही नोंद विचारतात.

डिपॉझिट किती घेतात? पासपोर्ट ठेवून घेतात का?

थोड्या दिवसांसाठी १,००० ते ३,००० बाट रोख, महिन्याच्या करारावर एक-दोन महिन्यांचं भाडं. पासपोर्टची प्रत काढून तो लगेच परत द्यायला हवा. ‘निघेपर्यंत आमच्याकडे राहू दे’ म्हणाले तर डिपॉझिट वाढवून द्या, पण पासपोर्ट देऊ नका. डिपॉझिटची पावती आणि किल्लीचं कार्ड सांभाळा. कार्ड हरवलं तर दंड आहे, शिवाय त्याशिवाय लिफ्टही चालत नाही.

खोलीत आपला स्वयंपाक करता येतो का?

येतो, पण ‘किचन’ या शब्दाने फसू नका. स्वस्त खोलीतलं किचन म्हणजे दीड हाताचा ओटा, एक छोटं सिंक आणि एक विजेची शेगडी. गॅस नसतो. काही इमारतींत शेगडीही नसते, नुसता मायक्रोवेव्ह. फोटोत नीट पाहा आणि तरी विचारा.

शेगडी दोन प्रकारची. इंडक्शन असेल तर आपली ॲल्युमिनियमची भांडी त्यावर चालत नाहीत. कुकर न्यायचा असेल तर इंडक्शनचा तळ असलेला तीन लिटरचा न्या. काचेखाली तार तापणारी शेगडी असेल तर तिचा स्वभाव ओळखायला एक-दोन दिवस लागतात. ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही तितकाच वेळ तापलेली राहते. तेल तापत नाही, तापत नाही म्हणून मोहरी टाकावी, ती तडतडेपर्यंत हिंग-हळद हातात घ्यावी, तोवर तळ इतका तापलेला असतो की सगळं काळं. फोडणी झाली की भांडं शेगडीवरून उचलून बाजूला ठेवायचं, बटण बंद करून भागत नाही.

धुराचा प्रश्न वेगळा. वरचा पंखा हवा बाहेर नेत नाही, जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. मिरच्यांचा ठसका पलंगापर्यंत जातो आणि छतावर धुराचा सेन्सर बसवलेला असतो. बाल्कनीचं दार उघडून, एसी बंद करून फोडणी द्या. बोंबील, सुकट खोलीत भाजू नका. थाई लोकांना सुक्या मासळीचा वास नवा नाही, पण बंद मजल्यावर तो तीन दिवस राहतो आणि तक्रार नक्की येते. ड्यूरियन फळ आत आणायला बंदी असते, त्याची लिफ्टमध्ये पाटीच असते.

माझा सल्ला राइस कुकरवर भर द्यायचा. तो तिथे घरोघरी असतो. रिसेप्शनवर मागितला तर कधी मिळतो, नाहीतर बिग सी किंवा लोटस या मोठ्या सुपरमार्केटांमध्ये काहीशे बाटमध्ये छोटा येतो. मूगडाळीची खिचडी, उपमा, वरणभात, सगळं त्यात होतं. पोळ्यांचा हट्ट सोडा. तवा, पोळपाट-लाटणं, कणीक आणि उडणारं पीठ हे त्या ओट्यावर मावत नाही.

किराणा आणि भाजी कुठे मिळते?

तूरडाळ, कणीक, पोहे, हिंग, कढीपत्ता यांसाठी पाहुरात. बँकॉकचं जुनं भारतीय बाजारपेठेचं ठिकाण, निळ्या मार्गाचं साम योत स्टेशन जवळ. तिथेच मोठा गुरुद्वारा आहे आणि गल्लीत मिठाईवाले, साड्या, पूजेचं सामान. एक फेरी मारून दोन आठवड्यांचं भरून ठेवा.

भाजीसाठी मात्र जवळचा थाई बाजार गाठा, सकाळी सातच्या आत. भेंडी, दुधी, कारली, शेवग्याच्या शेंगा, कोथिंबीर, कच्ची पपई, सगळं ओळखीचं दिसेल. वांगी बरीच लहान, हिरवी-पांढरी, गोल मिळतात, भरल्या वांग्यांना बरी. छोट्या मिरच्या आपल्या लवंगीच्या वरताण, अर्धीच घालून पाहा. कोकणातल्या माणसाला हा बाजार एका गोष्टीसाठी आवडेल: नारळवाली तुमच्यासमोर नारळ यंत्रावर किसून पिशवीत देते, सांगितलं तर रस पिळूनही. सोलकढीसाठी आमसुलं घरून नेलीत की काम झालं.

साबुदाणा मिळतो. तो ज्यापासून बनतो त्या टॅपिओकाचा थायलंड जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार आहे. पण तिथले बारीक दाणे गोड खिरीसाठीचे, खिचडी केली की लगदा होतो. उपासवाल्यांनी आपला घेऊन जावा. दही घेताना डब्यावर साखर आहे का ते बघा, बहुतेक दही गोड असतं. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ इथून नेऊ नका, सीमाशुल्कात अडतील.

पूर्ण शाकाहारी आहोत. बाहेर काय खायचं?

‘भाज्या घाला’ म्हटलं तरी नाम प्ला म्हणजे माशांचं पाणी, कालवांचा सॉस आणि कोळंबीची चटणी त्यात सहज पडते. तुमच्या कामाचा शब्द आहे ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. त्या ठिकाणी मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना याहून सोपं काय हवं! साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ-दहा दिवस ‘जे’चा सण असतो, तेव्हा शहरभर, अगदी सेव्हन-इलेव्हनमध्येही, असे पदार्थ मिळतात. एरवी ठेल्यावर ‘जे’ म्हणून विचारा. मान हलवून नाही म्हणाले तर पुढे चला, तडजोडीचं खाणं मागू नका.

बाथरूम आणि पाणी?

जेट स्प्रे असतो, निश्चिंत राहा. कमोडच असतो, भारतीय पद्धतीचं नाही. स्वस्त खोल्यांत शॉवरला आडोसा नसतो, त्यामुळे आंघोळीनंतर सगळी फरशी ओली. वयस्क माणूस असेल तर रबरी पायपुसणं पहिल्याच दिवशी विकत घ्या. नळाचं पाणी तिथले लोकही सहसा पीत नाहीत. इमारतीच्या खाली नाणं टाकून पाणी भरायचं यंत्र असतं, लिटरला साधारण एक बाट. पाच लिटरचा कॅन घेऊन ठेवा.

कपडे कसे धुवायचे?

तळमजल्यावर नाण्यांची मशिनं असतात, नाहीतर सोईच्या तोंडाशी चोवीस तास चालणारं धुलाई दुकान. वाळवण बाल्कनीत. बाल्कनी दोन हात रुंद आणि त्यात एसीचं बाहेरचं यंत्र बसवलेलं. त्याची गरम हवा जिथे लागते तिथे स्टँड ठेवला की पावसाळ्यातही जीन्स दोन तासांत वाळते. कठड्यावर बाहेरून कपडे टाकू देत नाहीत.

आपले प्लग चालतात का?

दोन गोल पिनांचे चालतात, व्होल्टेज २२० आहे. लॅपटॉपची आपली जाड तीन पिनांची वायर बसत नाही. अडॅप्टर न्या.

पैसे कार्डाने द्यावेत की रोख?

अपार्टमेंटचं भाडं कार्डाने देता येतं, पण छोट्या इमारती त्यावर तीन टक्के जास्त मागतात. एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापले जातात, म्हणून थोडे थोडे काढू नका. बाजारात आणि ठेल्यांवर रोख लागते. स्थानिक लोक क्यूआर दाखवून पैसे देतात, तो पाहून आपला फोन बाहेर काढू नका. तो थाई बँकांचा असतो.

खोलीत पाहुणे आले तर चालतं?

दिवसा चालतं. रात्री राहणार असतील तर त्यांचं ओळखपत्र द्यावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी जादा पैसे. दोघांच्या खोलीत पाच जण राहण्याचा आपला कौटुंबिक उत्साह गार्डच्या नजरेतून सुटत नाही. गादी मागा, पैसे भरा, कटकट मिटते.

खोलीत झुरळं निघतात का?

जुन्या इमारतीत निघतात. मोरीच्या जाळीवर झाकण ठेवा, कचरा रोज मजल्यावरच्या कचराखोलीत टाका. पाली असतात, त्यांना कोणी हाकलत नाही.

कुठल्या महिन्यात जाऊ नये?

मार्च ते मे प्रचंड उकाडा. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवायचा सण, रस्त्यावर पाऊल टाकलं की भिजणार, आणि कित्येक छोटी दुकानं बंद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तासाभराच्या पावसात सखल सोईंत गुडघाभर पाणी साचतं. मुंबईकराला त्याचं काही वाटणार नाही, पण तळमजल्याची खोली घेऊ नका. डिसेंबरपासून मार्चपर्यंत हवेत धूळ-धूर असतो. दमा असेल तर मास्क न्या आणि पूर्ण बंद होणारी खिडकी आहे का विचारा.

वरचा मजला घ्यावा की खालचा?

रस्त्याच्या बाजूची खोली असेल तर जितकी वर तितकी शांत. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप झाला, तेव्हा बँकॉकमधल्या उंच इमारती हलल्या, चातुचाकजवळ बांधकाम चालू असलेली एक सरकारी इमारत कोसळली. राहत्या इमारतींत पुष्कळ ठिकाणी भिंतींच्या गिलाव्याला चिरा पडल्या. अजून अशा चिरा दिसल्या तर घाबरू नका, पण इमारतीची तपासणी झाली का हे विचारा. माझ्या मते पाचवा ते दहावा मजला बरा: डास कमी, आवाज कमी, आणि लिफ्ट बंद पडली तरी उतरता येतं. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे का, हे मात्र सगळ्यात ताज्या अभिप्रायांत शोधा. सकाळी आठला सुरू होणारा ड्रिल विसाव्या मजल्यावरही ऐकू येतो.

काही अडचण आली तर कोणाला फोन करायचा?

पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५ (इंग्रजी बोलतात), रुग्णवाहिका १६६९. खोलीतल्या बिघाडासाठी रिसेप्शनवर तोंडी न सांगता फोटोसह लाइन ॲपवर पाठवा, तिथे सगळे तेच वापरतात. आवाज चढवून काम होत नाही. हसत, दोनदा सांगितलं की माणूस येतो. ई-सिगारेट घेऊन जाऊ नका, थायलंडमध्ये त्यावर बंदी आहे.

निघताना डिपॉझिट कापतात का?

कारण सापडलं तर कापतात. मेंदी, हळद आणि डोक्याचं तेल ही आपल्या लोकांची नेहमीची तीन कारणं. पांढऱ्या उशीवरचा तेलाचा डाग धुलाईत जात नाही. घरून एक जुनी चादर आणि उशीचे अभ्रे न्या. ताबा घेताना भिंती, गादी, फरशीचे फोटो काढून ठेवलेले असले की तुटक्या टाइलचं बिल तुमच्या नावावर येत नाही. महिन्याच्या करारात डिपॉझिट काही ठिकाणी निघाल्यावर काही आठवड्यांनी, तेही थाई बँक खात्यातच परत देतात. करारावर सही करण्याआधी ‘निघायच्या दिवशी रोख मिळेल’ हे वाक्य त्यात लिहून घ्या.

चेक-आउट दुपारी बारा किंवा अकराला, परतीचं विमान रात्री. बॅगा रिसेप्शनवर ठेवता येतात. शुक्रवारी संध्याकाळी पाऊस आला तर टॅक्सीच्या भरवशावर राहू नका, स्कायट्रेनने फाया थाय किंवा भुयारी रेल्वेने मक्कासान गाठा. विमानतळ रेल्वे मध्यरात्रीपर्यंत असते.